दर्या पार्टीची एकुलती तबकडी

बाप्यांनी बायकांची गाणी म्हणावीत, असं बाणकोट खाडीच्या काठावर कोणी नुसतं बोललं असतं तरी लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. लग्नातली गाणी बायकांची. हळद त्यांची, मेंदी त्यांची, मांडवाची आतली बाजू त्यांची. बाप्याने बाहेर बसावं, विडा चघळावा, आणि आतून गाणं ऐकू आलं तरी कान नसल्यासारखं करावं, ही रीत. पण कुवेतात बायकाच नव्हत्या, तिथे रीत काय डोंबल पाळणार?

म्हणजे होत्या, कंपनीच्या गोऱ्या साहेबांच्या मडमा होत्या, फहाहीलच्या बाजारात काळा बुरखा घेऊन जाणाऱ्या तिथल्या बाया होत्या. आपल्या नव्हत्या. आपल्या होत्या त्या खाडीकाठी, नारळीखाली, पत्राची वाट बघत. आणि इकडे रत्नागिरी-कुलाब्याकडचे बापे एका खोलीत सहा-सहा, कोणी मीना अल-अहमदीच्या धक्क्यावर, कोणी मेसच्या भटारखान्यात, कोणी शिवणाच्या मशीनवर. घरी बहीण लग्नाला उभी राहायची आणि भावाला तारेने कळायचं.

बदरुद्दीन आला सन बावन्नमध्ये. वय चोवीस, निकाह होऊन आठ महिने झालेले. मीना अल-अहमदीच्या धक्क्यावर टँकर लागला की तेलाचा जाडजूड रबरी होज उचलून त्याच्या तोंडाला जोडायचा, बोल्ट आवळायचे, हे त्याचं काम. हात कामाचे, डोकं मात्र कायम हवेत. लहानपणापासून त्याच्या मनात एकच किडा होता: आपलं नाव व्हावं. गावात नव्हे हां, गावात काय, बोकड पळाला तरी नाव होतं. मुलखात व्हावं. चहाच्या दुकानात रेडिओ लागला आणि कोणी गाऊ लागलं की बदरुद्दीन चहा थंड होऊ द्यायचा आणि म्हणायचा, "ह्याच्यापेक्षा बरा तर मी गातो." ऐकणारे हसायचे. खरं सांगायचं तर तो गायचा बरा. पण बरा तो बराच, त्याच्या पलीकडे नाही.

पलीकडचा होता तो सिराज.

सिराज मेसमध्ये बावर्ची. बदरुद्दीनपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, अंगाने आडवा, बोलायला कमी. पाच बहिणींच्या पाठीवर झालेला एकटा मुलगा. मुलगे अंगणात विटीदांडू खेळत तेव्हा हा आईच्या पदराशी बसून राहायचा, आणि आई म्हणजे दहा गावांत लग्नाला बोलावून नेत अशी गाणारी. सगळी गाणी याच्या पोटात उतरलेली. पण बोलून दाखवायची सोय नाही. गावात एकदा गुणगुणला तेव्हा मामाने कानाखाली वाजवलेली. त्यानंतर सिराज गाताना कोणी पाहिला नाही, त्याच्या बायकोनेसुद्धा नाही.

चोपन्न साली यूनुसच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. यूनुस फहाहीलला एका दुकानात शिंपी होता. शुक्रवारचा दिवस, दुपारची जेवणं झालेली, आणि यूनुस मशीनवर डोकं टेकून बसलेला. त्याच वेळी तिकडे बहिणीच्या हाताला मेंदी लागत असणार. समजूत कोणी काय घालणार? सिराजने एका कडेला पडलेला डफ उचलला. तो कोणाचा होता, कोण जाणे. त्याच्यावर दोन बोटं टाकली आणि भिंतीकडे तोंड करून सुरू झाला:

मेंदीचां पान गो हिरवां हिरवां,
हाताला लागलां तांबडां
माहेरचां पानी गो गोडां गोडां,
डोल्यात आलां तां खारां

पहिल्या ओळीला दोघंतिघं फिसकन हसले. एवढा मोठा मिशीवाला बाप्या, आणि गातोय काय, तर मेंदी! दुसऱ्या ओळीला हसू थांबलं. चौथ्या ओळीला सिराजने रीतीप्रमाणे नवरीचं नाव गुंफलं, 'डोल्यात असमाच्या आलां तां खारां', आणि यूनुस जो काय रडायला लागला! रडला आणि मोकळा झाला. मग उठून त्याने सगळ्यांना चहा पाजला.

अशी ती पार्टी जमली. सिराज गायचा आणि डफ वाजवायचा. यूनुसने मुंबईहून जुनी पेटी मागवली. रियाज नावाचा कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून होता, रत्नागिरीच्या शाळेत उर्दू शिकलेला, स्वतःला शायर समजणारा. तो तांब्याच्या हंडीवर ताल धरायचा. आणि बदरुद्दीन झील धरायचा, म्हणजे सिराजची ओळ संपली की तीच ओळ मागून उचलायची. नाव ठेवलं दर्या पार्टी. नाव बदरुद्दीननेच काढलं. बाकीच्यांना नाव हवंच होतं असं नाही.

घरी कोणाचं लग्न निघालं की दर्या पार्टीला बोलावणं. निकाह तिकडे, गाणी इकडे. मीना अल-अहमदीपासून कुवेत शहरापर्यंत कोकणातला माणूस जिथे असेल तिथे ही चौकडी जायची. सिराजची अट एकच: "घरी कलता कामा नाय. बायकांची गानी म्हनतो म्हनून माजी पोर उद्या गावात तोंड काय दाखवील?" त्याची मुलगी ताहिरा तेव्हा सात-आठ वर्षांची होती. सगळ्यांनी तोंडाला कुलूप घातलं.

बदरुद्दीनला ते कुलूप टोचायचं. तो सिराजला म्हणायचा, "सिराजभाय, तुमचा गला म्हंजे सोना हाय आणि तुमी तां मातीत पुरून ठेवताव." सिराज म्हणायचा, "पुरलेला सोना कोन चोरत नाय रे." आणि मासे तळायला निघून जायचा.

अठ्ठावन्न सालच्या बकरी ईदला मुस्तफाभाई आले आणि सगळं बिघडलं. आता 'बिघडलं' म्हणायचं, तेव्हा मात्र बदरुद्दीनला वाटलं नशीब उघडलं. मुस्तफाभाई मुंबईच्या एका तबकड्यांच्या कंपनीचे एजंट. कुवेतच्या दुकानांना ग्रामोफोन आणि तबकड्या विकायला आलेले. बोहरी माणूस, पांढरी दाढी, जिभेवर साखर. ईदच्या दुपारी फहाहीलला कोणाकडे जेवायला आले, तिथे पार्टी बसलेली. ऐकलं आणि जागचे हलेनात. शेवटी विचारलं, "ये कौन-सी जबान है?"

बदरुद्दीन छाती काढून म्हणाला, "कोकनी."

"गोवा?"

"नाय नाय, आमची. मुसलमानांची."

मुस्तफाभाईंनी दाढीवरून हात फिरवला. "आवाज में दम है," म्हणाले. "धून भी अच्छी है. पण भाई, हे समजणार कोण? गोवेवाला बोलेल ये हमारी कोंकणी नहीं. पुण्याचा मराठी माणूस बोलेल ही आमची मराठी नव्हे. उर्दू में करो. दिल्ली, लखनौ, हैदराबाद, कलकत्ता, सब जगह बिकेगा. पूरा हिंदुस्तान सुनेगा."

पूरा हिंदुस्तान! बस्स, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. त्या दिवसापासून बदरुद्दीनला धक्क्यावर बोल्ट आवळतानासुद्धा टाळ्या ऐकू यायला लागल्या. मुस्तफाभाईंजवळ आवाज धरायचं फितीचं यंत्र होतं. तीन आठवड्यांनी त्यांची बोट सुटणार होती. तेवढ्यात गाणी उर्दूत करायची, बसवायची आणि फितीवर धरायची. मुंबईत त्यातून एक तबकडी निघेल, दोन बाजू, दोन गाणी.

सिराजची समजूत घालायला बदरुद्दीनला फार वेळ लागला नाही, आणि पुढे त्याला सगळ्यात जास्त सलत राहिलं ते हेच. त्याने सिराजच्याच भीतीचा धागा धरला. "उर्दूत जालां की कोन बायकांची गानी बोलनार? गझल वाटेल, गझल! पोरीला तोंड लपवायला नको, उलट मिरवील ती. आनि सिराजभाय, ताहिरा तुमचा गला ऐकेल." सिराज बराच वेळ चूल फुंकत बसला. मग म्हणाला, "ताहिरा ऐकेल म्हनतोस?" त्याला पूरा हिंदुस्तान वगैरे काही नको होता. त्याला एक मुलगी पुरेशी होती. बदरुद्दीनला हे त्या क्षणी कळलंसुद्धा, पण त्याने कळू दिलं नाही.

रियाजने गाणं उर्दूत केलं. मेंदीची मेहंदी झाली, माहेरचं मायका झालं. पाणी 'गोडां गोडां' होतं ते 'शीरीं शीरीं' झालं. आणि 'खारां' आलं तेव्हा रियाजने नाक मुरडलं. "खारा हा वाण्याच्या दुकानातला शब्द. इथे 'अश्क' पाहिजे. अश्क म्हणजे आसू." नवरीचं नावही काढून टाकलं. तबकडी सगळ्यांसाठी, मग नाव कोणाचं घेणार?

सिराज शिकायला बसला. बिचारा मन लावून बसला. रोज मेसचं काम आटपून रियाजसमोर मांडी घालायचा आणि शाळेतल्या मुलासारखा म्हणायचा, "अस्क."

"अस्क नाही, अश्क."

"अस्क."

"सिराजभाय, शहाळ्यातला श!"

"शहाल्यातला श येता मना. ह्याच्यातला नाय येत." आणि मग एकदा वैतागून म्हणाला, "अरे पन रडताना कोन अस्क रडता? पानीच येता डोल्यातून, आनि तां खारां लागता. माज्या आयशीने काय खोटां गानां केलां?"

रियाज हसला. यूनुस हसला. बदरुद्दीन हसला नाही. बोट सुटायला नऊ दिवस राहिले होते.

फितीवर धरायचा दिवस शुक्रवारचा ठरला, जुम्म्याची नमाज झाल्यावर. मुस्तफाभाईंनी फहाहीलला एका दुकानामागची खोली घेतली होती. जुलैचा महिना. पंख्याची घरघर फितीवर येते म्हणून पंखा बंद, गल्लीतला आवाज येतो म्हणून खिडकी बंद. अंगाला चटके बसत होते. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात तसं झालं. पहिल्यांदा बाहेर ट्रकने भोंगा दिला. दुसऱ्यांदा पेटीचा भाता फुसकन सुटला. तिसऱ्यांदा सगळं नीट जमलं. डफ लागला, हंडी लागली, सिराजचा आवाज असा चढला की मुस्तफाभाईंनी यंत्रावरून नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं. आणि शेवटच्या ओळीला सिराजच्या तोंडून आपसूक निघालं: 'आँखों में आया तां खारां.'

"कट, कट!" मुस्तफाभाई ओरडले.

"चुकलो," सिराज म्हणाला. "आपोआप आलां."

पुन्हा केलं. पुन्हा 'खारां'. पाचव्या वेळी 'अस्क' म्हणाला, पण इतका भीत भीत की गळाच बसला. फीत संपत आली होती. मुस्तफाभाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "भाई, दोनों गानों के लिए एक-एक बार की जगह बची है. बस एक."

सिराज पंच्याने मान पुसत होता. आणि बदरुद्दीन म्हणाला, "सिराजभाय, तुमी आता डफ वाजवा. गानां मी म्हनतो. तुमी तोंड उघडू नका."

झील धरणारा पुढच्या गाणाऱ्याला असं कधी म्हणत नाही. त्यालाही ते माहीत होतं. 'तुम्ही जरा दम खा' म्हणता आलं असतं, 'दोघं मिळून म्हणू' म्हणता आलं असतं. त्या घाईत, त्या उकाड्यात जे आलं ते हे आलं: तोंड उघडू नका. आणि उगाच उकाड्याच्या माथी कशाला मारायचं, ते आलं कारण गेली चार वर्षं त्याला हेच म्हणायचं होतं.

सिराजने त्याच्याकडे एकदा पाहिलं. "बरां," म्हणाला. डफ मांडीवर घेतला.

बदरुद्दीनने गायलं. अश्कातला श अगदी चोख लागला. मुस्तफाभाई म्हणाले, "बहुत अच्छा." दुसऱ्या बाजूचं गाणंही त्यानेच म्हटलं. सिराजने दोन्ही गाण्यांत तोंड उघडलं नाही.

पाच महिन्यांनी बोटीने सहा तबकड्या आल्या. मधल्या गोल कागदावर नाव छापलेलं: दर्या पार्टी, कुवेत. गाणाऱ्याचं नाव नाही. बदरुद्दीनने तबकडी उलटीपालटी करून चार वेळा पाहिली. मग मुस्तफाभाईंचं पत्र आलं. माल पडून आहे. दिल्लीवाला म्हणतो ही कुठली उर्दू, कोकणातल्या मच्छीबाजारात शिकल्यासारखी. आणि मुंबईत डोंगरीला कोकणी माणसाच्या दुकानात ठेवली, तर तो म्हणाला, हे आमचं गाणं नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. पूरा हिंदुस्तान राहू दे, फहाहीलच्या गल्लीतसुद्धा ती तबकडी दुसऱ्यांदा कोणी लावा म्हटलं नाही.

पुढच्या ईदला लोक जमले आणि म्हणाले, "सिराजभाय, मेंदी होऊ दे." सिराज म्हणाला, "गला बसलाय." त्याच्या पुढच्या ईदलाही गळा बसलेलाच होता. लग्नं होत राहिली, तारा येत राहिल्या, पण सिराज गायला नाही तो नाहीच. यूनुसने पेटी विकून टाकली. पार्टी मोडली असं कोणी म्हणालं नाही, नुसती बसायची थांबली.

भांडला असता तर बरं झालं असतं. सिराज भांडला नाही. शुक्रवारी मेसमधून उरलेलं पापलेट तळून आधीसारखंच बदरुद्दीनच्या खोलीवर आणायचा. "खा रे बद्रू, तू सुकलास." बदरुद्दीन मान खाली घालून खायचा. आज माफी मागू, उद्या मागू, पगार होऊ दे, रमजान होऊ दे. जीभ उचलायची नाही. नऊ खोल्यांना ऐकू जाईल असा गाणारा बदरुद्दीन, आणि 'माजां चुकलां' एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून पाच वर्षांत निघाले नाहीत.

त्रेसष्टच्या ऑगस्टमध्ये सिराज मेसच्या भटारखान्यात छातीला हात लावून खाली बसला. होजवर काम चालू होतं, टँकर अर्धा भरलेला, बदरुद्दीनला सुटून यायला दीड तास लागला. तोवर सगळं आटोपलं होतं. तिथेच कुवेतच्या कबरस्तानात माती दिली. मातीच्या वेळी बदरुद्दीनला हुंदका आला तेव्हा लोकांना वाटलं, केवढी ही दोस्ती!

दोन वर्षांनी ताहिराचं पत्र आलं. सातवी पास झालेली मुलगी, मराठी शाळेतलं टपोरं अक्षर. लिहिलं होतं: बदरुद्दीनचाचांना सलाम. माझं लग्न ठरलं आहे. गावात बोलतात की अब्बांची कुवेतात गाण्याची पार्टी होती आणि त्यांच्या आवाजाची तबकडी निघाली होती. अम्मी म्हणते तिने त्यांचं गाणं कधी ऐकलेलं नाही. मी पण नाही. तुमच्याकडे तबकडी असेल तर पाठवाल का? मेंदीच्या दिवशी लावायची आहे. बाप नाही तर बापाचा आवाज तरी मांडवात असेल.

बदरुद्दीन ते पत्र खिशात घालून तीन दिवस धक्क्यावर गेला. ट्रंकेच्या तळाशी त्याची तबकडी होती. तिच्यात सिराजचा आवाज नव्हता. कुठेच नव्हता. सगळ्या दुनियेत त्या माणसाच्या गळ्याचा एक कण उरला नव्हता. बिघडलेल्या फिती मुस्तफाभाईंनी पुसून दुसऱ्या कामाला घेतल्या होत्या. खरं लिहावं, तर त्या पोरीच्या मेंदीत काय लिहायचं? तुझ्या बापाचं तोंड मी बंद केलं? त्याने विचार केला, अब्बांचा आवाज तिने ऐकलाय कुठे? तिला काय कळणार? निदान तिचा तो एक दिवस तरी सुखाचा जाईल. आणि तबकडीच्या कागदावर गाणाऱ्याचं नाव नव्हतंच. त्या नसलेल्या नावाने एकदा त्याचा जीव जळला होता, आज त्याने त्याबद्दल अल्लाचे आभार मानले. यूनुस रजेवर निघाला होता. त्याच्या हाती तबकडी दिली आणि चिठ्ठी: 'बेटी, हा तुझ्या अब्बांचा आवाज. खुश रहा.'

यूनुसने चिठ्ठी वाचली, त्याच्याकडे पाहिलं, आणि सामानात ठेवली.

दोन महिन्यांनी यूनुस परत आला. बसल्या बसल्या म्हणाला, "लावली रे तबकडी. शेजारच्या गावातनं मशीन आणलेला. सगल्या बायका रडल्या. पोर तर मशीनला कान लावून बसली होती."

"आनि रबियाभाबी?" रबिया म्हणजे सिराजची बायको.

"भाबी पहिल्या ओळीला उठून आत गेली." यूनुसने खिशातून पाकीट काढलं. "पोरीने तुला दिलाय."

बदरुद्दीनने उभ्या उभ्या वाचलं. आधी दुवा होती, शुक्रिया होता, नवऱ्याचं नाव होतं. मग लिहिलं होतं:

'चाचा, एक लिहू का? अब्बा गाण्यात अश्क म्हणतात. आमच्या घरात असं कोणी बोलत नाही. रजेवर यायचे तेव्हा अब्बा आमच्याशी आमच्यासारखंच बोलायचे, म्हणून मला वाटायचं ते तिकडेही तसेच असतील. कुवेतात जाऊन ते इतके बदलले होते हे मला माहीत नव्हतं. दादीची सगळी गाणी त्यांना पाठ होती म्हणतात, मग त्यांनी तिचं गाणं असं का केलं? पण परदेशात माणसाला बदलावंच लागत असेल. मी त्यांच्यावर रागावलेली नाही.'

बदरुद्दीन खाटेवर बसला. "या अल्ला," म्हणाला, "हे मी काय करून बसलो!" सगळे बदलले होते. रियाज बदलला, यूनुसने सिराजच्या आईचं गाणं विकायला संमती दिली, तो स्वतः तर कोटटोपी बदलावी तशी जीभ बदलून मोकळा झाला. एकट्या सिराजची जीभ वळली नाही, आणि त्याच एकट्याच्या नावावर आता ते लागलं होतं, तेही त्याच्या पोटच्या पोरीपाशी. जिवंतपणी त्याचा गळा घेतला, मेल्यावर त्याचं इमान घेतलं. आता उद्या-परवा करायला जागा राहिली नव्हती. त्याने त्याच दुपारी कागद घेतला.

'ताहिरा बेटी, तो आवाज तुझ्या अब्बांचा नाही. माझा आहे. तुझे अब्बा अश्क कधीच म्हणाले नाहीत. त्यांना तो शब्द येईना, सारखं दादीचंच गाणं तोंडात येई, म्हणून मी त्यांना सांगितलं, तोंड उघडू नका. ते गप्प बसले. पुन्हा कधी गायले नाहीत. तुला खोटं लिहिलं तेही मीच. ते बदलले नव्हते. माफ कर असं म्हणायला मला तोंड नाही.'

लिहिलं आणि फहाहीलच्या टपालात टाकून आला, मन फिरायच्या आत.

उत्तर येणार नाही असंच त्याने धरलं होतं. येऊ नये असंही वाटत होतं. शिव्याशाप आले असते तर त्याने ते डोक्याला लावून घेतले असते. पण चार महिन्यांनी पत्र आलं. शिवी नव्हती. माफीही नव्हती. चार ओळी होत्या:

'चाचा, अम्मी म्हणते तिला कळलं होतं. बोलण्याचा आवाज ती ओळखते. तबकडी आता आम्ही लावत नाही. तुम्ही चार वर्षं अब्बांच्या शेजारी बसून ऐकलंत, आम्ही एकदाही नाही. तेव्हा ते कसे गायचे, तेवढं लिहून पाठवा.'

बदरुद्दीन लिहायला बसला. गाण्याचे शब्द पटापट उतरले, मेंदीचं पान, तांबडा हात, गोड पाणी, खारं पाणी. त्याखाली लिहिलं, 'तुझे अब्बा गायचे तेव्हा'. आणि पेन थांबलं. आवाज जाड होता की बारीक? ओळ कुठे उचलायचे, कुठे सोडायचे? नाव गुंफताना थांबायचे की नाही? त्याने डोळे मिटून आठवून पाहिलं. यूनुसला जाऊन विचारलं, यूनुस म्हणाला, "छान गायचा." त्याच्यापलीकडे त्यालाही सांगता येईना. पुढचे कित्येक शुक्रवार तो कागद पुढ्यात घेऊन बसला, पण 'तुझे अब्बा गायचे तेव्हा' याच्या पुढे एक अक्षर गेलं नाही. चार वर्षं सिराजच्या मांडीला मांडी लावून बसला होता खरा, पण सिराज गात असताना बदरुद्दीनचं सगळं लक्ष आपली झील कधी येते, इकडेच असायचं.